जर्मनीतल्या खेड्यात बिऱ्हाड: मनीषनगरच्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंच्या नवऱ्याला दक्षिण जर्मनीत यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे. कंपनी उल्म शहरापासून तासाभरावर, चार हजार वस्तीच्या गावात. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीनचा. ताई स्वतः रसायनशास्त्रात एम.एस्सी., कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. त्या लिहितात, "शहर असतं तर काही वाटलं नसतं. गावात आपलं कसं होईल? व्हिसाचं एजंट सांगूनच राहिला. मला फक्त रोजचं सांगा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचं." शेवटी सासूबाईंचा ओझरता उल्लेख आहे.

ताई, मी बारा वर्षं त्याच भागात संसार केला. श्टुटगार्ट आणि उल्मच्या मधे श्वेबिश आल्ब नावाची डोंगररांग आहे, तिच्या पायथ्याचं तीन हजार वस्तीचं गाव. दोन्ही मुलं तिथल्याच शाळेत शिकली. २०२१ मध्ये परत आलो. आता धरमपेठेत जर्मन शिकवते आणि जाणाऱ्या कुटुंबांची तयारी करून घेते. व्याकरणापेक्षा जास्त वेळ कचऱ्याचे डबे समजावण्यात जातो, हे आधीच सांगते.

गावातच का, हा तुमच्या प्रश्नात लपलेला प्रश्न आहे. आपण नागपुरात राहतो आणि कामाला हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत जातो. तिथे उलटं आहे. जगभर माल विकणाऱ्या कितीतरी मध्यम आकाराच्या, एकाच घराण्याच्या मालकीच्या कंपन्या मूळ गावातच वाढल्या आणि गाव सोडून गेल्याच नाहीत. मक्याच्या शेताला लागून कारखाना, त्याला लागून कामगारांची घरं. तुमच्या मिस्टरांना नोकरी खेड्यात मिळाली म्हणजे कमी प्रतीची मिळाली असं कुणी घरात म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

आणि गाव म्हणजे काटोल-कळमेश्वरकडचं गाव डोळ्यासमोर आणू नका. नळाचं पाणी सरळ प्यायचं असतं. एक चर्च, एक बेकरी, रातहाउस म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीचं ऑफिस, अग्निशमन दलाची गॅरेज, फुटबॉलचं मैदान. आणि दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नाही. ही शेवटची गोष्ट पहिल्या महिन्यात अंगावर येते. माणसं असतात, पण कामावर किंवा घरात. पडद्याआडून तुम्हाला बघूनही राहिलेली असतात.

म्हणून पहिला नियम: दिसेल त्याला "ग्र्यूस गॉट" म्हणायचं. आपल्या राम रामसारखंच आहे ते. शहरात अनोळखी माणसाला असं म्हटलं तर तो दचकेल, गावात नाही म्हटलं तर नोंद होते. आमचे हे मुळात अबोल. खाली मान घालून बसस्टॉपवर जायचे. दुसऱ्या आठवड्यात घरमालकीणबाईंनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, तुमच्या नवऱ्याला काही दुःख आहे का? तेव्हापासून ते कुत्र्यालाही ग्र्यूस गॉट म्हणू लागले.

आता खरी गोष्ट. बारा वर्षांत मला एकच कळलं आणि मी प्रत्येक कुटुंबाला तेच सांगते: ते गाव तुम्हाला मैत्रीतून आत घेत नाही, पाळीतून घेतं. मैत्री मागून येते, चार-पाच वर्षांनी. आधी तुमची पाळी तुम्ही नीट घेता का, ते बघतात.

याचा धडा मला एका पाटीने दिला. आमच्या घरात चार बिऱ्हाडं. राहायला गेल्यावर तिसऱ्या सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली. वर झाडूचं चित्र, खाली "केअरवोखे". मला वाटलं, शुभेच्छेची काहीतरी स्थानिक पद्धत असेल. आपण तोरण लावतो, हे पाटी लावतात. छान दिसते म्हणून मी ती पुसून परत लावली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला जिन्यात खसखस आवाज आला म्हणून दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी गुडघ्यावर बसून आमच्या मजल्याचा जिना पुसत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बादली उचलली, पाटी काढली, शेजारच्या दाराला लावली आणि गेल्या.

केअर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. ज्याच्या दाराला पाटी त्याने त्या आठवड्यात जिना, तळघराकडे जाणारा बोळ, घरासमोरची पायवाट झाडून-पुसून काढायची आणि पाटी पुढच्याच्या दाराला लावायची. श्वाबेन, म्हणजे आपण बोलतोय त्याच भागातली ही खास पद्धत. तिची मुळं १४९२ च्या श्टुटगार्टच्या नगरनियमांत दाखवतात, म्हणजे कोलंबस निघाला त्या साली. सफाईला बाई लावून आपण मोकळे होतो ते तिथे चालत नाही असं नाही, पण गावात ती बाईच मिळत नाही, आणि मिळाली तरी पाळी तुमची असते. हिवाळ्यात त्यातच बर्फाची भर. कामाच्या दिवशी सकाळी साधारण सातच्या आत घरासमोरची पायवाट साफ करून खडी टाकायची. कुणी घसरून पडलं तर भरपाईचा प्रश्न तुमच्यावर येऊ शकतो. भाडेकरारात हे कलम असतं, कुणी वाचत नाही.

मी मग त्या आजींकडे डबा घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, धन्यवाद म्हणाल्या आणि सांगितलं की कोपऱ्यातली जाळी राहते बहुतेक लोकांची, ती विसरू नका. कौतुक वगैरे काही नाही. तिथे म्हणच आहे, "नेट गशिम्फ्ट इश गलोब्ट गनुग", म्हणजे शिव्या नाही घातल्या तर समजा कौतुक केलं. वर्षभराने कधीतरी जिन्यात त्या नुसतं "पास्ट" म्हणाल्या, म्हणजे "जमलं". घरी येऊन मी शिरा केला.

कचरा यातच येतो. पिवळ्या पिशवीत प्लास्टिक आणि टिनचं वेष्टन, निळ्या किंवा हिरव्या डब्यात कागद, तपकिरीत भाजीची सालं, काळ्यात उरलेलं. रंग जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून रातहाउसमधून कचऱ्याचं कॅलेंडर पहिल्या दिवशी घ्या आणि फ्रिजवर लावा. काचेच्या बाटल्या रंगानुसार चौकातल्या टाकीत, पण रविवारी नाही, आवाज होतो. पाणी-सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या मात्र फेकू नका, प्रत्येकीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात घातल्या की परत मिळते. आमचा मुलगा त्यावर श्रीमंत झाला होता.

रविवार म्हणजे सगळी दुकानं बंद. बेकरी सकाळी दोन-तीन तास उघडी असली तर असली. ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. कुकरच्या शिट्टीबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगते, कुकरला बंदी नाही. पण आमच्या खालच्या काकांनी पहिल्या शनिवारी सकाळी येऊन तुमचं बॉयलर बिघडलं का विचारलं होतं. त्यांना आत बोलावून शिट्टी दाखवली, तूरडाळ दाखवली. मग ते वेळेनुसार ओळखायला लागले. "आज जेवण उशिरा?" असं खालून विचारायचे.

आता सकाळपासून घेऊ. हिवाळ्यात सव्वाआठपर्यंत उजाडत नाही, आणि तुमच्या मुलीची शाळा पावणेआठ-आठला. म्हणजे अंधारात निघायचं. दप्तराला चमकणाऱ्या पट्ट्या असतात त्या शोभेच्या नाहीत. पहिलीपासून मुलं पायी, चार-पाच जणांच्या टोळीने, आईबापांशिवाय शाळेत जातात. तुम्ही रोज सोडायला गेलात तर बाई प्रेमाने पण स्पष्ट सांगतील की मुलीला येऊ द्या. मला हे पचायला तीन महिने लागले. मी झाडाआडून मागे जायचे, आणि गावात झाडाआड कुणी उभं आहे हे लपत नाही.

प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. गुण एक ते सहा, आणि एक सर्वात चांगला. आजीला फोनवर "मला एक मिळाला" सांगितलं की इकडे रडारड, म्हणून सासूबाईंना आधी समजावून ठेवा. चौथीत मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जाईल याची शिफारस होते, आणि ग्युमनाझियम म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा हवी असेल तर त्या शिफारशीला वजन आहे. तुमची मुलगी दुसरीत बसली तर तिच्या हातात जेमतेम अडीच वर्षं आहेत. तिची भाषा ही तुमच्या घरातली पहिली निकड आहे, मिस्टरांच्या प्रोजेक्टपेक्षा. नवख्या मुलांसाठी भाषेचे तयारी-वर्ग असतात, पण प्रत्येक गावात नसतात, शेजारच्या गावी असू शकतात. जागा ठरली की मुख्याध्यापकांना लगेच विचारा. आणि दुपारचं काय, तेही विचारा, कारण पुष्कळ शाळा बारा-एकलाच सुटतात. दिवसभर सांभाळण्याचा कायदेशीर हक्क २०२६-२७ पासून पहिलीच्या मुलांपासून सुरू होतो आहे. तुमची मुलगी त्यात बसत नाही, म्हणजे दुपारची व्यवस्था तुम्हालाच पाहावी लागेल.

शाळा सक्तीची आहे, आणि सक्ती म्हणजे सक्ती. स्वस्त तिकीट मिळतं म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी मुलीला काढून नागपूरला निघालात तर दंड होऊ शकतो. पण त्या राज्याची, बाडेन-व्युर्टेम्बर्गची, उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, आणि त्यात आपल्याकडे पोळा येतो. आमच्या मुलांना दिवाळी फारशी आठवत नाही, पण तान्हा पोळा आणि मारबत पाठ आहे. मुलाने लाकडी बैल तिकडे नेला होता, वर्गात दाखवायला.

छोट्याचं म्हणाल तर किंडरगार्टनच्या जागेवर तुमचं सगळं गाडं अडलेलं आहे. हे नीट ऐका. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क असणं आणि सप्टेंबरमध्ये जागा असणं वेगळं. जागा मिळाली की सकाळ मोकळी. सकाळ मोकळी तर तुमचा भाषेचा वर्ग. सरकारी मदतीचा अभ्यासक्रम साधारण ७०० तासांचा, ६०० भाषेचे आणि १०० देशाच्या कायद्याचे-इतिहासाचे, आणि तो जिल्ह्याच्या गावी भरतो. तिथे जायला बस, बस तासाला एक, संध्याकाळी लवकर बंद. म्हणून गाडी. गाडीसाठी परवाना. एक कडी निसटली की बाई घरात. मी अशा पाच-सहा बाया पाहिल्या, एकीला एक वरचढ शिकलेल्या, आणि तीन वर्षांनीही बेकरीत बोट दाखवून पाव मागायच्या. नवरा वाईट नव्हता कुणाचाच. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्याला कळलंच नाही की गाव इंग्रजीत चालत नाही.

म्हणून पत्ता हाती आला की विमानात बसण्याआधी रातहाउसला किंडरगार्टनसाठी ईमेल करा. गोवराच्या दोन्ही लसींची नोंद असलेलं कार्ड हाताशी ठेवा. मार्च २०२० पासून त्याशिवाय किंडरगार्टनमध्ये घेतच नाहीत, आणि शाळेतही तो पुरावा मागतात. पहिले काही आठवडे तुम्हाला मुलासोबत तिथे बसावं लागेल, हळूहळू वेळ कमी करत नेतात. आपल्याकडे रडणाऱ्या पोट्ट्याला गेटमधून आत ढकलून आई पळते, तसं तिथे करत नाहीत. कपड्यांत चिखलाची रबरी पँट लागेल, कारण पावसातही बाहेरच खेळतात. पहिल्या आठवड्यात मुलाचा तो अवतार पाहून मी बाईंना विचारलं, हा पडला का? त्या म्हणाल्या, नाही, खेळला.

परवान्याचं सांगते. आपला भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीतून देता येते. शिकवणीसकट दोन हजार युरोंच्या वर सहज जातात, म्हणून मिस्टर म्हणतील आधी माझा काढू, तुझं बघू. दोघांचा एकदमच काढा. गावात एक नियम आपल्या माणसाला हमखास पाडतो: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तुमचा रस्ता रुंद असला तरी. व्हरायटी चौकात ज्याचं धाडस त्याचा रस्ता, हे सोळा वर्षांचं वळण मोडायला मला दोनदा नापास व्हावं लागलं. तोवर देशभर चालणारं महिन्याचं तिकीट आहे, २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो.

तुमच्या पदवीसाठी अनाबिन नावाच्या सरकारी यादीत आपल्या विद्यापीठाची नोंद आणि दर्जा बघून ठेवा आणि गुणपत्रिका मूळ प्रतीत न्या. त्या भागात प्रयोगशाळेची कामं मिळतात, पण बी-वन, बी-टू या मधल्या पातळ्यांपर्यंत भाषा झाल्यावर.

भाषेची एक गंमत. माझ्याकडे तुम्ही जे शिकाल ते पुस्तकी जर्मन. गावात श्वेबिश बोलतात. घराला हाउस नाही, हाउसले. थोडंसं म्हणजे बिसले. सगळ्याला लाडाने "ले" लावतात. पुण्याच्या माणसाला आपण "काहून बे, काय करून राहिला" म्हटल्यावर त्याचं जे होतं तेच तुमचं होईल. पण मला उलट ते जवळचं वाटलं. प्रमाणभाषेवाले आपल्याला हसतात हे दुःख त्यांनाही आहे, आणि आजींना मी वऱ्हाडी-नागपुरीचं हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे केली.

स्वयंपाकघर. आधी भाडेकरारात बघा ते आहे का! अनेक घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय, नुसत्या नळाच्या तोंडासकट देतात. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो. मग जुनं विकत घ्या नाहीतर नवं बसवा, त्यात सहा आठवडे जातात. आम्ही पहिला महिना एका इंडक्शनवर काढला, बाथरूममध्ये भांडी घासून.

धुराचे अलार्म झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये सक्तीचे आहेत, स्वयंपाकघरात सहसा नसतात. पण सावजीचा मसाला भाजताना दार उघडं राहिलं की पॅसेजमधला बोंबलतो, आणि गावात तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. मसाला इथूनच भाजून, दळून न्या. पापड, मसाले, डाळी, मुरमुरे, सांडगे चालतात. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप नाही, खव्याची मिठाई नाही. खवा घातलेली संत्रा बर्फीही नाही. आणि सासूबाई पिशवीत संत्री घालतीलच, ती काढून ठेवा. ताजी फळं-पाला प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. संत्री नाहीत, कढीपत्ता नाही.

तिथे काय मिळतं ते ऐका, जीव थोडा खाली बसेल. शेपू सगळीकडे. नवलकोल आपल्यापेक्षा गोड. वसंतात जंगलात लसणाच्या वासाचा पाला उगवतो, बेअरलाउख. त्याचे पराठे फार सुंदर होतात, पण तसाच दिसणारा एक विषारी पाला असतो, म्हणून पहिल्या वर्षी गावातल्या बाईसोबतच तोडायला जा. रुबार्ब नावाच्या आंबट भाजीच्या देठांचं पिठलं अंबाडीच्या भाजीच्या जवळ जातं (पानं फेका, विषारी असतात). शेताच्या कडेला दुधाचं यंत्र असतं, नाणं टाकलं की बाटली भरते. त्यावर "कच्चं दूध, उकळून प्या" अशी पाटी असते. वाचून मला हसू आलं, आपल्याला सांगायला लागतं का! त्या दुधाला साय येते, दही लागतं, आणि आमच्या घरी तूप कढवायला लागलं की मुलं पोळी घेऊन उभी. कणकेसाठी पाकिटावरचे आकडे बघा. ४०५ म्हणजे मैदा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. मी १०५० आणि पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं मळायचे. गार कणकेला गरम पाणी घ्या, नाहीतर पोळी वातड होते.

आणि वरणफळं. श्वाबेनचा अभिमानाचा पदार्थ म्हणजे मसुरासारखी डाळ आणि श्पेट्झले, म्हणजे कणकेचे उकडलेले तुकडे. सोबत सॉसेज असतं ते बाजूला ठेवा, उरतं ते आपलं वरणफळच, फोडणी विसरलेलं. गावाच्या जत्रेत मी एकदा मोहरी-हिंग-लसणाची फोडणी वेगळ्या वाटीत घेऊन गेले. अग्निशमन दलाच्या पोरांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

त्या पोरांबद्दल सांगायलाच हवं. मोठी शहरं सोडली तर अग्निशमन दल गावकरीच चालवतात, बिनपगारी. सुतार, शिक्षक, बँकेतला कारकून. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळतात. आमचे हे सहाव्या वर्षी त्यात गेले. शारीरिक चाचणी, संध्याकाळचे वर्ग, सगळं केलं. त्या दिवसापासून गावात आम्ही "ते भारतीय" राहिलो नाही, "आमच्या अमुकचं घर" झालो. तुमच्यासाठी त्याआधीची सोपी पायरी केक आहे. शाळेचा कार्यक्रम, फुटबॉलचा सामना, कंदिलाची मिरवणूक (११ नोव्हेंबरला मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात), प्रत्येक वेळी पालकांची यादी लागते: केक कोण आणणार? त्या यादीत पहिल्या वर्षीच नाव घाला. मी रवा-नारळाचा न्यायचे, अंडं न घालता. सोबत काय-काय घातलं ते लिहिलेली चिठ्ठी द्यावी लागते. तिसऱ्या वर्षी यादीत माझ्या नावापुढे त्यांनीच लिहून ठेवलं होतं, "रवा".

हिवाळ्याचं गोड करून सांगणार नाही. नोव्हेंबर वाईट. साडेचारला अंधार, पाऊस, धुकं, फोनवर नागपुरात ऊन. आपण सत्तेचाळीस अंशात तगणारी माणसं, थंडी सोसतो, अंधार सोसत नाही. दुपारी एकला रोज बाहेर पडा, काम नसलं तरी. आणि घर कोंडून ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, भर हिवाळ्यात. वरणभाताची वाफ भिंतीत मुरून बुरशी येते आणि घर सोडताना तिचे पैसे अनामतीतून कापतात. आमचे कापले होते.

दवाखाना: मिस्टरांच्या सरकारी आरोग्य विम्यात कमावत नसलेली पत्नी आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय येतात. गावातला डॉक्टर मुलाला ताप आला की बहुधा चहा आणि विश्रांती सांगेल. रागावू नका. बुधवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात. अवेळी ११६११७, जीवावर बेतलं तर ११२. पैशांत दोन गोष्टी लक्षात ठेवा: मुलांसाठी सरकार २०२६ पासून दरमहा प्रत्येकी २५९ युरो देतं, त्याचा अर्ज लगेच करा. आणि हीटिंगचा वर्षाचा हिशेब नंतर येतो, त्यात मोठी थकबाकी निघू शकते, थोडे बाजूला टाकत राहा. आणि लेटरबॉक्सवर तुम्हा दोघांची नावं पहिल्या संध्याकाळी चिकटवा. नाव नसलं तर टपाल परत जातं, आणि तो देश टपालावर चालतो.

सासूबाईंचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत, मला वाटतं तेच सगळ्यात जड आहे. ९० दिवसांच्या व्हिसावर त्या येऊ शकतात, ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. मे ते जुलै बोलवा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आमच्या सासूबाई आल्या तेव्हा वरच्या आजींनी एक टोपली जांभळ्या आलुबुखारांची आणली, मुरंब्यासाठी. दोघी बाकावर बसून बिया काढत होत्या. एक श्वेबिश बोलतेय, एक नागपूरच्या महाल भागातली मराठी. मी दुभाषी म्हणून गेले तर दोघींनी मला चहा करायला पाठवलं. पुढच्या वर्षी सासूबाईंनी आंबट सफरचंदाचं कैरीसारखं लोणचं घातलं, त्याच्या बरण्या अजून त्या गावात असतील.

फोनची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. तिकडचे चार म्हणजे हिवाळ्यात इकडचे साडेआठ, सासूबाईंची मालिका. तिकडच्या दुपारी अडीचला करा. आणि मुलांशी घरात मराठीच बोला, बाई काहीही म्हणोत. दोन वर्षांनी मुलगी रस्त्यात म्हणेल, "आई, इथे मराठीत नको ना." माझी म्हणाली होती. मी आवाज खाली केला, भाषा नाही बदलली.

भाडेकरार आला असेल तर सही करण्याआधी मला दाखवा. ओटा आहे की नाही, आणि जिना कुणाचा, एवढं आधी बघून घेऊ.